आनंदीबाईंची परदेशातली माणसे

१८८० साली अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यातल्या रोझेल गावच्या एक बाई दातांच्या डॉक्टरकडे गेल्या होत्या. नंबर यायला वेळ होता. दवाखान्यांत जुनी मासिके पडलेली असतात, तशी तिथेही होती. बाईंनी त्यातले एक सहज उचलले. ते मिशनऱ्यांचे मासिक होते. त्यात कोल्हापुरात पोस्टात नोकरी करणाऱ्या एका गृहस्थाचे पत्र छापले होते. बायकोला शिकवायचे आहे, इथे लोक शिकवू देत नाहीत, अमेरिकेत काही सोय होईल का, अशी विचारणा त्यात होती. खाली संपादकांचे उत्तर होते. धर्म बदलणार असाल तर पाहू, असा त्या उत्तराचा मतलब होता. बाईंना पत्र मनाला लागले आणि उत्तर खटकले. त्यांनी घरी येऊन त्या अनोळखी जोडप्याला पत्र लिहिले.

या बाई म्हणजे थिओडिशिया कार्पेंटर. पत्र लिहिणारे गृहस्थ गोपाळराव जोशी आणि त्यांची बायको म्हणजे आनंदीबाई. पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी घेतलेल्या पहिल्या भारतीय स्त्रियांपैकी एक म्हणून आनंदीबाईंचे नाव शाळेतल्या मुलांनाही पाठ असते. त्यांच्यावर कादंबरी आली, नाटक आले, २०१९ मध्ये चित्रपट आला. त्या सगळ्यांत गोपाळरावांचा हट्ट आणि आनंदीबाईंची जिद्द हेच दोन खांब असतात. तिसरा खांब फारसा कोणी पाहत नाही. परक्या मुलखात, परक्या भाषेत जोडलेल्या माणसांचा तो खांब.

३१ मार्च १८६५ चा त्यांचा जन्म. माहेर कल्याणचे, माहेरचे नाव यमुना. नवव्या वर्षी लग्न झाले. नवरा बिजवर आणि वयाने सुमारे वीस वर्षांनी मोठा. गोपाळरावांना शिकलेली बायको हवी होती आणि त्यासाठी ते हाताने मारायलाही कमी करत नसत. पुढे अमेरिकेतून लिहिलेल्या पत्रांत आनंदीबाईंनी या माराची आठवण त्यांना स्पष्ट शब्दांत करून दिली आहे.

चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला. तो दहा दिवस जगला. त्या काळी बाळंतिणीजवळ डॉक्टर जायचा नाही, कारण डॉक्टर पुरुष, आणि पुरुषाला दाखवायला बाई तयार नसे. बाळ का गेले हे पाहणारे कोणी नव्हते. चौदा वर्षांच्या मुलीचे शरीर स्वतःच अजून वाढत असते. तिच्या पोटातल्या बाळाला आणि तिला दोघांनाही तेच अन्न, तेच रक्त वाटून घ्यावे लागते. कटीची हाडे पूर्ण वाढलेली नसतात, बाळ कमी वजनाचे किंवा अपुऱ्या दिवसांचे होण्याची भीती मोठी असते. हे बीड जिल्ह्यातल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. बालविवाहांत आपला जिल्हा आजही राज्यात वरच्या रांगेत आहे, आणि ऊसतोडीला निघण्याआधी मुलीचे उरकून टाकू हे बोल अजून गावोगाव ऐकू येतात. आनंदीबाईंनी त्या दहा दिवसांनंतर डॉक्टर व्हायचे ठरवले.

कार्पेंटरबाईंशी पत्रव्यवहार वाढत गेला. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. दोघींनी एकमेकींना पाहिलेले नव्हते, पण सणवार, स्वयंपाक, लग्नाच्या चालीरीती, देवधर्म, आजारपण असे सगळे त्या पत्रांत येई. गोपाळरावांच्या बदल्या होत होत्या. कोल्हापूर, मुंबई, भूज आणि शेवटी बंगाल. कलकत्त्याला असताना आनंदीबाईंचे डोके सतत दुखे, अधूनमधून ताप येई, अशक्तपणा, कधी धाप. मावशींनी अमेरिकेतून औषधे पाठवली. त्यांचा गुण आला नाही. पण सात समुद्रांपलीकडची, कधी न भेटलेली बाई आपल्या तापाची काळजी करते, याचे मोल औषधापेक्षा कमी नव्हते. हा बारीक ताप आणि ही धाप वाचकांनी लक्षात ठेवावी, पुढे त्याकडे परत यायचे आहे.

श्रीरामपूर (बंगालमधले, आपल्या नगरकडचे नव्हे) येथे असताना गोपाळरावांनी तिला एकटीला पाठवायचे ठरवले. ब्राह्मणाची बायको, एकटी, समुद्र ओलांडून जाणार म्हटल्यावर गहजब झाला. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाईंनी उभे राहून इंग्रजीत भाषण केले. भारतात स्त्री डॉक्टरांची गरज किती आहे ते त्यांनी सांगितले. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असेही सर्वांसमोर बजावले. तेव्हा त्या अठराव्या वर्षात होत्या. व्हाइसरॉयने त्यांच्या शिक्षणासाठी २०० रुपये दिले. एप्रिल १८८३ मध्ये मिशनरी बायकांच्या सोबतीने त्या बोटीत बसल्या.

ही सोबत सुखाची ठरली नाही. बोटीवर शाकाहाराची सोय जवळजवळ नव्हती आणि सोबतिणींचा धर्मांतराचा आग्रह संपत नव्हता. परदेशात पहिल्यांदा निघालेल्याला माणसे दोन प्रकारची भेटतात, आपल्याला बदलू पाहणारी आणि आपल्याला जाणून घेऊ पाहणारी. आनंदीबाईंना पहिली बोटीवरच भेटली. दुसऱ्या प्रकारची माणसे जूनमध्ये न्यूयॉर्कच्या धक्क्यावर उभी होती. मावशी स्वतः घ्यायला आल्या होत्या.

तो उन्हाळा रोझेलला गेला. कार्पेंटरांच्या घरात मुले होती, शेजारपाजार होता. आनंदीबाईंनी त्यांच्या चुलीवर मराठी स्वयंपाक केला आणि घरच्यांना, पाहुण्यांना आपल्या पद्धतीने वाढला. स्वतः मात्र मांसाला शिवल्या नाहीत. ते घर त्यांना पुढची तीन वर्षे माहेरासारखे झाले. सुट्टी लागली की फिलाडेल्फियाहून निघायचे ते रोझेलला.

फिलाडेल्फियाचे विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया १८५० मध्ये सुरू झालेले. केवळ स्त्रियांना वैद्यक शिकवणाऱ्या जगातल्या सुरुवातीच्या संस्थांपैकी ते एक. अमेरिकेतही स्त्री डॉक्टरचे स्वागत होत नव्हते. १८६९ मध्ये या कॉलेजच्या मुली पेनसिल्व्हेनिया हॉस्पिटलमध्ये वर्गाला गेल्या तेव्हा पुरुष विद्यार्थ्यांनी त्यांची हुर्यो उडवली होती. म्हणजे तिथल्या गोऱ्या मुलींनाही आपल्याच देशात परकेपणाचा अनुभव होता. बाहेरून आलेल्या मुलींना या कॉलेजात जागा मिळाली, त्यामागे हेही एक कारण असावे. डीन रेचल बॉडली या मूळच्या रसायनशास्त्र आणि वनस्पतिशास्त्राच्या. त्यांनी आनंदीबाईंना तीन वर्षांसाठी ६०० डॉलरची शिष्यवृत्ती दिली. १८८३ च्या ऑक्टोबरपासून वर्ग सुरू झाले.

अडचणी मोठ्या विचारांच्या नव्हत्या, रोजच्या होत्या. नऊवारी नेसली की पोटऱ्या उघड्या राहतात. अमेरिकन बायकांना ते चमत्कारिक वाटे आणि थंडीत ते सोसवेना. शेवटी त्यांनी गुजराती पद्धतीने, पायघोळ साडी नेसायला सुरुवात केली आणि तसे नवऱ्याला कळवून त्याची संमती मागितली. राहण्याची खोली गार, शेगडी धुराची. शाकाहार सोडायचा नव्हता आणि त्या शहरातला शाकाहार म्हणजे बटाटा, पाव असला. आज बीड, परळी, अंबाजोगाईच्या घरांतली मुले रशिया, किरगिझस्तान, जॉर्जियाला वैद्यकीय शिक्षणाला जातात. बॅगेत आई चटणी, मेतकूट, लाडू भरून देते आणि रोज व्हिडिओ कॉलवर जेवलास का विचारते. आनंदीबाईंच्या पत्राला हिंदुस्थानात पोचून उत्तर यायला कित्येक आठवडे लागत.

आणि ती उत्तरेही नेहमी धीर देणारी नसत. गोपाळराव शंका घेत. बायको बदलली का, तिकडची झाली का, पोशाख का बदलला, असे टोचून लिहीत. पाठवले त्यांनीच आणि संशयही त्यांचाच. अशा वेळी बोलायला माणसे होती ती तिथली. मावशी, डीन बॉडली, कॉलेजातल्या मुली.

पण या मैत्रीलाही एक अट चिकटलेली असते, आणि परदेशात शिकलेल्या कोणालाही ती ओळखू येईल. तुम्ही तिथे केवळ विद्यार्थी नसता, तुमच्या सबंध देशाचे प्रतिनिधी होऊन बसता. चहाच्या टेबलावर, चर्चच्या सभेत, वर्गाच्या दारात तुम्हाला तुमच्या देशाबद्दल विचारले जाते. विचारणाऱ्याच्या आवाजात बहुधा कुतूहल असते, कधी कीव असते. कीव माणसाला बचावाच्या पवित्र्यात आणते. आनंदीबाईंना एकदा बालविवाहावर बोलायला सांगितले. ऐकायला जमलेल्या अमेरिकन बायकांना वाटले, ही मुलगी त्या प्रथेचे वाभाडे काढणार. त्यांनी प्रथेची बाजू घेतली. सभा चकित झाली.

चौदाव्या वर्षी बाळ गमावलेल्या, त्याच दुःखातून डॉक्टर व्हायला निघालेल्या मुलीने बालविवाहाचे समर्थन करावे, हे आज वाचताना खुपते. ते मत चूकच होते आणि त्यांच्या थोरवीकडे पाहून त्याला मुलामा देण्याचे कारण नाही. पण एकोणीस-वीस वर्षांची मुलगी, एकटी, समोर आपल्या घराला नावे ठेवायला उत्सुक असलेली सभा, ही परिस्थिती पाहिली की ते समर्थन कुठून आले हे कळते. घरात ज्यावर आपण भांडतो, तेच बाहेरच्याने बोलले की अंगावर येते. विशेष म्हणजे या भाषणाने त्यांचे लोक तुटले नाहीत. मावशी मावशीच राहिल्या, डीनबाईंची मायाही आटली नाही. मतभेद झाला तरी ताटावरून उठायचे नाही, हे दोन्ही बाजूंनी पाळले गेले.

१० ऑक्टोबर १८८५. डीन बॉडलींनी दिलेल्या स्वागत समारंभाचा दिवस. त्या दिवशीचे एक छायाचित्र आज जगभर पाहिले जाते. तिघी विद्यार्थिनी शेजारी शेजारी आहेत. डावीकडे साडीतल्या आनंदीबाई, मध्ये किमोनोतली जपानची केई ओकामी, उजवीकडे दागिन्यांनी सजलेली, दमास्कसची सबात इस्लामबुली. एक हिंदू, एक ख्रिस्ती, एक ज्यू. तिघींची घरची भाषा वेगळी, लिपी वेगळी. एकमेकींशी बोलायला एकच भाषा, आणि ती तिघींचीही नव्हे. केईचे वय पंचविशीच्या पुढे, तीही लग्न झालेली. शिक्षणात मात्र वीस वर्षांच्या आनंदीबाई सर्वांत पुढे होत्या. त्यांचे शेवटचे वर्ष सुरू होते आणि उरलेल्या दोघींची पदवी अजून चार-पाच वर्षे लांब होती.

चित्रात तिघींनी आपापल्या देशाचा पोशाख केला आहे, तो कॉलेजला दाखवायचा होता म्हणून. आमच्याकडे कुठून कुठून मुली येतात, हे सांगण्याचा तो प्रकार होता आणि थोडासा प्रदर्शनाचाही. तरी ते चित्र पाहताना दुसरे एक लक्षात येते. अमेरिकन मैत्रिणी कितीही जिवाभावाच्या असल्या तरी त्या यजमान. ही दुसरी दोन माणसे आनंदीबाईंसारखीच पाहुणी. शरीररचनेच्या वर्गात लॅटिन नावे परक्या इंग्रजीतून पाठ करताना लागणारी दमछाक, जेवणाच्या घंटेला येणारी पंचाईत, रस्त्यावर वळून पाहणारे डोळे, हे एकीने दुसरीला समजावून सांगायची गरज नव्हती.

शिक्षण संपत आले असताना गोपाळरावच अमेरिकेत येऊन दाखल झाले. आल्यावर त्यांनी ठिकठिकाणी भाषणे दिली आणि अमेरिकन समाजावर, ख्रिस्ती लोकांवर सडकून टीका केली. ज्यांच्या घरी बायकोने तीन वर्षे मीठ खाल्ले, त्यांच्याच देशात हा प्रकार. आनंदीबाईंना दोन्हीकडचे सांभाळावे लागले. तेव्हा अंगात ताकद फार उरलेली नव्हती.

तरीही अभ्यास तडीला गेला. प्राचीन हिंदू प्रसूतिशास्त्रावर त्यांनी प्रबंध लिहिला. ११ मार्च १८८६ रोजी पदवीदान झाले. त्या दिवशी सभागृहात पंडिता रमाबाई होत्या, त्यासाठी मुद्दाम इंग्लंडहून आलेल्या. त्या आनंदीबाईंच्या दूरच्या नात्यातल्या. रमाबाईंनी इंग्लंडमध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता आणि आनंदीबाई हिंदूच राहण्याच्या शब्दाला जागल्या होत्या. दोघींच्या भेटीत त्याची आडकाठी आली नाही. रमाबाईंच्या पुढच्या इंग्रजी पुस्तकाला प्रस्तावना लिहिली ती डीन बॉडलींनीच. एका विद्यार्थिनीची ओळख दुसरीच्या कामाला अशी आली.

पदवीनंतर बोस्टनच्या स्त्रियांच्या रुग्णालयात अनुभव घ्यायला त्या गेल्या, पण प्रकृतीने साथ सोडली आणि काम अर्धवट टाकावे लागले. निदान क्षयाचे झाले.

फिलाडेल्फियाच्या थंडीने आनंदीबाईंना क्षय झाला, असे सर्रास लिहिले जाते. थंडीने क्षय होत नाही. तो जंतूने होतो, आणि तो जंतू रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी, म्हणजे आनंदीबाई निघण्याच्या वर्षभर आधी, बर्लिनमध्ये जाहीर केला होता. जंतू श्वासावाटे शरीरात शिरला तरी बहुतेकांना लगेच आजार होत नाही. शरीर त्याला कोंडून ठेवते, वर्षानुवर्षे. उपासमार, अपुरी प्रथिने, सततची दगदग, दुसरा एखादा आजार यांनी ती कोंडी फुटते. कलकत्त्यातला ताप आणि धाप आठवली तर लागण इथूनच बरोबर गेली असण्याची शक्यता बरीच वाटते. अमेरिकेतल्या अर्धपोटी तीन वर्षांनी तिला वाट करून दिली. झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या कुटुंबांना पोषक शिधा देऊन केलेला एक मोठा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. शिधा मिळालेल्या घरांत नव्या क्षयरुग्णांचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी कमी आढळले. निक्षय पोषण योजनेत उपचार सुरू असलेल्या रुग्णाला आता महिन्याला १००० रुपये मिळतात, ते याच विचाराने. ते रुग्णाच्या ताटात डाळ, शेंगदाणे, अंडी, दूध होऊन आले पाहिजेत.

आनंदीबाईंच्या वेळी औषध नव्हते. जंतू माहीत, इलाज माहीत नाही, असा तो मधला काळ. विश्रांती, मोकळी हवा आणि चांगला आहार एवढेच डॉक्टरांच्या हाती होते. स्ट्रेप्टोमायसिन यायला आणखी जवळपास साठ वर्षे होती. आज दोन आठवड्यांहून जास्त खोकला किंवा संध्याकाळचा बारीक ताप असेल, वजन घटत असेल, तर सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी फुकट होते आणि साधारण सहा महिन्यांच्या गोळ्यांनी क्षय बरा होतो. घरापासून लांब, वसतिगृहात किंवा भाड्याच्या खोलीत राहणारी मुले मात्र आजही हा ताप अंगावर काढतात. आईला सांगितले तर ती घाबरेल, आणि इथे सांगायला कोणी नाही.

कोल्हापूर संस्थानाने आनंदीबाईंना अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्री विभागाची जागा देऊ केली होती. आजचे सीपीआर रुग्णालय ते हेच. ती जागा स्वीकारून ऑक्टोबर १८८६ मध्ये त्या निघाल्या आणि १६ नोव्हेंबरला मुंबईला उतरल्या. कोल्हापूरला जाणे झालेच नाही. पुण्यात वैद्यांचे उपचार चालले. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी त्या गेल्या. बावीस वर्षे पुरी व्हायला महिनाभर बाकी होता. डॉक्टर म्हणून त्यांना एक दिवसही काम करायला मिळाले नाही.

चित्रातल्या दुसऱ्या दोघींना मिळाले. केई ओकामी १८८९ मध्ये पदवीधर झाल्या. त्यांच्याच तुकडीत सुझन ला फ्लेश होत्या, अमेरिकेच्या आदिवासींमधल्या पहिल्या स्त्री डॉक्टर, ज्या आनंदीबाई बाहेर पडल्यावर काही महिन्यांनी कॉलेजात आल्या होत्या. जपानला परतल्यावर ओकामींना टोकियोच्या जिकेई रुग्णालयात बोलावले ते ताकाकी कानेहिरो यांनी. आहार बदलून जपानी नौदलातला बेरीबेरी आटोक्यात आणणारे डॉक्टर ते हेच. पुढे ओकामींनी स्वतःचा दवाखाना काढला. सबात इस्लामबुली १८९० मध्ये पदवी घेऊन दमास्कसला परतल्या, नंतर त्या कैरोत होत्या. दोघीही १९४१ मध्ये वारल्या, आनंदीबाईंच्या मागे चौपन्न वर्षांनी.

आनंदीबाईंच्या अस्थी गोपाळरावांनी अमेरिकेला मावशींकडे पाठवल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी गावच्या दफनभूमीत कार्पेंटर कुटुंबाची जागा आहे. तिथे, घरच्या माणसांच्या शेजारी, त्यांनी त्या ठेवल्या आणि वर नावाचा दगड बसवला.